गूगलच्या दाखल्यावर प्रवेश

मंडळी, आज बोलायचे आहे ते एका बटणाविषयी. मोबाइलवर एखादे नवे संकेतस्थळ उघडावे, मग ते सराव परीक्षांचे असो, नोकरीच्या अर्जाचे असो की बाजारभावाचे असो, पहिल्याच पानावर आपल्याला अडवतात. आधी नाव नोंदवा, मग आत या. नाव नोंदवायच्या वाटा दोन. एक लांबची : नाव, ई-मेल, नवा पासवर्ड, तोच पासवर्ड पुन्हा एकदा. दुसरी जवळची : ‘गूगलने पुढे चला’ किंवा ‘फेसबुकने पुढे चला’. आपण बहुतेक जण जवळच्या वाटेने जातो. बटण दाबले, हो म्हटले, आत गेलो. एवढ्या वेळात कोणी कोणाला काय सांगितले आणि आपली कोणती माहिती कोणाच्या दप्तरी जमा झाली, हे मात्र आपल्याला कळत नाही. शिक्षक मंडळींना तर ते दोन्ही बाजूंनी कळायला हवे. कारण त्यांच्यातले काही जण आता शाळेकरिता स्वतःच संकेतस्थळ तयार करतात, आणि असले बटण आपल्याही पानावर असावे असे त्यांना वाटते.

आधी पूर्वीची रीत सांगतो. साधारण वीस वर्षांमागे काही संकेतस्थळे सरळ विचारीत, ‘तुमच्या ई-मेलचा पासवर्ड आम्हांला द्या, म्हणजे तुमचे मित्र आमच्याकडे आहेत का ते शोधून देतो.’ आणि लोक देत! शेजाऱ्याला एक कागद हवा म्हणून आपण त्याच्या हाती साऱ्या कपाटाची किल्ली दिली, तसा हा प्रकार. त्याने कागद नेला की दागिने पाहिले, कोणी सांगावे? आणि किल्ली परत घ्यायची म्हणजे कुलूपच बदलायचे. यावर तोडगा म्हणून काही अभियंत्यांनी २००७ साली ‘ओऑथ’ नावाची पद्धत आखली. किल्ली न देता, ठरावीक कामापुरती परवानगी देण्याची ही पद्धत. ट्विटरने ऑगस्ट २०१० मध्ये बाहेरच्या अ‍ॅपांकरिता पासवर्डची वाट बंद करून हीच वाट सक्तीची केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तिच्यावर ‘ओपनआयडी कनेक्ट’ हा मजला चढला. ओऑथने परवानगी मिळते, ओपनआयडी कनेक्टने ओळख पटते. गूगलचे बटण चालते ते याच्यावर.

आता हे चालते कसे? आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मुलाला एस.टी.चा सवलतीचा पास काढायचा असतो. आगारातला कारकून मुलाला ओळखत नाही. तो म्हणतो, ‘शाळेतून बोनाफाइड दाखला आण.’ मुलगा शाळेत जातो. तिथे मुख्याध्यापक त्याला ओळखतात, जनरल रजिस्टर पाहतात, दाखला लिहितात, सही-शिक्का करतात. दाखल्यावर लिहिलेले असते, ‘एस.टी. पासाकरिता’. कारकून शिक्का पाहतो आणि स्वतःचा पास देतो. पुढे कंडक्टर रोज तो पास तेवढा पाहतो. रोज शाळेत विचारायला कोणी जात नाही.

यात गूगल म्हणजे शाळा, नवे संकेतस्थळ म्हणजे आगार, आणि मुलगा म्हणजे आपण. आपण बटण दाबताच संकेतस्थळ आपल्याला गूगलच्या दारात पाठवते. पासवर्ड टाकायचा तो तिथे, गूगलच्या पानावर. वरच्या पट्टीत पत्ता दिसतो, तो गूगलचाच आहे ना, हे त्या क्षणी डोळे उघडे ठेवून पाहावे. कोणी भामट्याने हुबेहूब तसेच पान रंगवून पुढे ठेवले, तर सगळा खेळच फसला. पत्ता खरा असेल तर आपला पासवर्ड त्या नव्या संकेतस्थळाला कधीच दिसत नाही. या पद्धतीचा मोठा लाभ हाच.

पण आणखी एक बारकावा आहे. गूगल हा दाखला आपल्या हातात देत नाही! वाटेत कोणी हिसकावला, कोणी नक्कल केली तर? म्हणून ते आपल्याजवळ नुसती एक चिठ्ठी देते. चिठ्ठी एकदाच चालते आणि थोडाच वेळ चालते. आपण ती संकेतस्थळाच्या खिडकीत नेऊन देतो. मग संकेतस्थळाचा सर्व्हर स्वतः गूगलकडे जातो, चिठ्ठी दाखवतो, आपली गुप्त खूण दाखवतो आणि दाखला घेतो. चिठ्ठी चोराला सापडली तरी गुप्त खूण त्याच्याजवळ नसते. म्हणून ही खूण सर्व्हरवरच राहिली पाहिजे. काही हौशी मंडळी ती पानाच्या मजकुरातच लिहून ठेवतात आणि तो सगळा मजकूर जगाला वाचायला मोकळा असतो. शिक्का आगाराच्या खिडकीबाहेर टांगून ठेवण्यासारखेच ते!

आपण परत कोणत्या पत्त्यावर यायचे, हेही गूगलकडे आधी नोंदवावे लागते. नोंद नसलेल्या पत्त्यावर ते चिठ्ठी पाठवत नाही. शिवाय जाताना संकेतस्थळ आपल्याजवळ एक खूण देते आणि परत आल्यावर ती जुळवून पाहते. पूर्वी निरोप्याची ओळख पटावी म्हणून पत्त्याचे पान फाडून अर्धे त्याच्याजवळ देत, त्यातलाच हा प्रकार. खूण जुळवली नाही तर दुसऱ्याची चिठ्ठी तुमच्या गळ्यात मारता येते.

आता दाखला हातात आला. तो वाचायचा कसा? याच ठिकाणी माणसे घाई करतात. सही गूगलचीच आहे का? मुदत संपली तर नाही? आणि मुख्य म्हणजे, हा दाखला आपल्यासाठी काढला आहे का? ‘वाचनालयाकरिता’ लिहिलेला दाखला एस.टी.च्या खिडकीत चालत नाही. समजा, एखाद्या लबाड संकेतस्थळाने हजार लोकांचे दाखले जमवले. तुमचे संकेतस्थळ ‘कशाकरिता’ हा रकाना तपासत नसेल, तर तो लबाड त्यातला कोणताही दाखला तुमच्यापुढे टाकून त्या माणसाच्या नावाने आत शिरेल. सही खरी, माणूस खरा, शिरला मात्र तिसराच.

दुसरी चूक वहीतल्या नोंदीची. माणसाची नोंद कोणत्या खुणेवर ठेवावी? सहज सुचते ते ई-मेलचा पत्ता. पण शाळेतल्या जुन्या वह्या ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना विचारा. एकाच मुलाचे नाव एका वहीत ‘दत्तात्रय’ असते, दुसरीत ‘दत्तू’. जनरल रजिस्टरचा क्रमांक तेवढा एकच राहतो. गूगलही प्रत्येक खात्याला असा न बदलणारा क्रमांक देते, आणि नोंद त्याच्यावर ठेवावी असे सांगते. ई-मेल बदलतो. संस्थेच्या नावाचा पत्ता असेल तर जुने शिक्षक बदलून गेल्यावर तोच पत्ता नव्या शिक्षकांना मिळतो, आणि मग मागच्यांचे सारे दप्तर पुढच्यांपुढे उघडते. आणखी एक बारीक सूचना. हा क्रमांक साधारण एकवीस अंकी असतो. तो आकडा म्हणून साठवला तर पुष्कळ ठिकाणी शेवटचे अंक गळतात किंवा बदलतात. म्हणून तो अक्षरे समजूनच साठवावा. त्याचा हिशेब थोडाच करायचा आहे!

इथवर झाले ओळखीचे. आता माहितीचे. दाखला मागताना संकेतस्थळ सांगते, ‘मला नाव हवे, ई-मेल हवा, फोटो हवा.’ एवढ्यावर थांबले तर ठीक. पण ते संपर्कांची यादी मागू शकते, साठवलेले कागद मागू शकते. गूगल तसे आपल्याला विचारते आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’ची किंमत काय असते, याचे एक उदाहरण सांगतो. २०१३ साली फेसबुकवर ‘दिस इज युवर डिजिटल लाइफ’ नावाचे अ‍ॅप आले. चार प्रश्नांची उत्तरे द्या, तुमचा स्वभाव सांगतो, असा त्याचा थाट. फेसबुकच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे परवानगी देणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती अ‍ॅपला मिळत असे. ती पुढे केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्ल्याच्या कंपनीच्या हाती गेली. २०१८ मध्ये फेसबुकनेच अंदाज दिला, की जगात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती यात गेली असावी. आणि भारतात? आपल्याकडे ते अ‍ॅप घेतले होते अवघ्या ३३५ जणांनी. झळ पोहोचली असण्याचा संभव असलेले लोक मात्र सुमारे ५ लाख ६२ हजार! ज्यांनी बटणाला हातही लावला नव्हता, त्यांची माहिती मित्राच्या बोटाने गेली. मित्रांची माहिती देण्याची ती वाट फेसबुकने २०१५ मध्ये बंद केली होती, पण तोवर जायचे ते गेले होते. पुढे जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड ठरवला.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यात म्हटले आहे, की संमती ठरावीक कामापुरतीच घ्यावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीकरिता पालकांची पडताळलेली संमती हवी. शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सवलती आहेत. पण सवलत आहे म्हणून मुलांचे वाढदिवस आणि फोटो गोळा करत बसावे, असे नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकांची नोंद ठेवायला मुलाचा फोटो कशाला लागतो?

आणि आता खेड्यातली खरी अडचण. ती शहरात बसून बटण बनवणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. गूगल ओळखते ते खाते, माणूस नव्हे. आपल्याकडे घरात फोन एक, त्यात खाते एक, आणि त्याच्यावर अभ्यास करणारी भावंडे तीन. थोरली दहावीत, मधला सातवीत, धाकटी चौथीत. तिघेही त्याच बटणाने आत येतात आणि संकेतस्थळाला वाटते हा एकच विद्यार्थी आहे. सकाळी त्याने दहावीचे बीजगणित सोडवले आणि दुपारी त्याला चौथीचा भागाकार जमला नाही! गुण एकमेकांत मिसळतात, आणि शिक्षक धाकटीला थोरलीच्या चुकांबद्दल बोलतात. म्हणून शाळेच्या संकेतस्थळावर हे बटण ठेवायचे असेल, तर खात्याच्या आत पुन्हा मुलांची वेगळी पाने ठेवावीत : आत आल्यावर विचारावे, ‘आज कोण बसले आहे?’ प्राथमिकच्या मुलांना तर बटणाच्या भरवशावर ठेवूच नये. एवढ्या लहान मुलांचे स्वतःचे खाते बहुधा नसतेच. त्यांच्याकरिता हजेरीपटाचा क्रमांक आणि बाईंनी दिलेली चार अंकी खूण पुरते, आणि विसरली तर बाई दुसरी देतात.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत ते गूगल खाते काढलेले असते फोन विकणाऱ्या दुकानदाराने. फोन घेतला त्या दिवशी त्याने दोन मिनिटांत काहीतरी नाव घातले, पासवर्ड घातला आणि फोन हातात दिला. पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नाही. फोन चालू आहे तोवर काही बिघडत नाही. फोन पाण्यात पडला की त्या एका खात्याच्या दाखल्यावर उघडणारी सगळी दारे एकदम बंद! शिष्यवृत्तीचा अर्ज, सराव परीक्षा, पिकांची माहिती, सारे त्याच्या आड. तेव्हा आज संध्याकाळीच घरातल्या जाणत्या मुलाला बसवून खात्याचा पासवर्ड नवा करून घ्यावा, खात्याला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडावा, आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही रेशनकार्डाजवळ ठेवावी. पासवर्ड कागदावर लिहू नये असे पुस्तकी पंडित सांगतात. माझ्या मते घरातल्या पेटीतली वही दुकानदाराच्या स्मरणशक्तीपेक्षा पुष्कळ बरी. संकेतस्थळ बनवणाऱ्यांनीही बटणाखेरीज दुसरी एक वाट, मोबाइलवर येणाऱ्या अंकांची म्हणा, उघडी ठेवावी.

एका किल्लीचा धोका कंपनीच्या बाजूनेही असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की चोरांनी त्यांच्या यंत्रणेतल्या फटीतून लोकांची प्रवेशाची टोकने, म्हणजे आपल्या उदाहरणातले पास, पळवली. पुढे त्यांनी हा आकडा सुमारे ३ कोटी सांगितला. पासवर्ड कोणाचाच चोरीला गेला नव्हता. पण पास हातात असला की पासवर्ड लागतो कोणाला?

शेवटी, दिलेली परवानगी परत कशी घ्यायची? गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, बाहेरच्या ज्या ज्या अ‍ॅपांना आणि संकेतस्थळांना आपण जोडून दिले आहे त्यांची यादी असते; फेसबुकच्या सेटिंगमध्येही तशी यादी आहे. नावावर बोट ठेवून जोडणी तोडता येते. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की जोडणी तोडल्याने पुढचा दाखला बंद होतो. आधी नेलेली माहिती त्या संकेतस्थळाच्या वहीत तशीच राहते. ती खोडून घ्यायची तर त्या संकेतस्थळालाच सांगावे लागते. म्हणून शिक्षक मंडळींनी आपल्या संकेतस्थळावर आत येण्याचे बटण बसवाल त्याच दिवशी ‘माझी माहिती काढून टाका’ हे दुसरे बटणही बसवावे, आणि ते दाबल्यावर नोंद खरोखर जाते की नाही, हे स्वतःचेच खाते काढून एकदा पाहावे.