हास्यमुख कोळी

ॲरॅक्निडा वर्गाच्या थेरिडिइडी कुलातील एक लहान कोळी. याचे शास्त्रीय नाव थेरिडिऑन ग्रॅलेटर असे आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहाच्या ओआहू, मोलोकाई, माउई व हवाई या चार बेटांवरच तो आढळतो. डोंगराळ भागातील दमट वनांत पानांच्या खालच्या पृष्ठभागावर त्याचे वास्तव्य असते. यूजीन सीमाँ या फ्रेंच कोळीतज्ञांनी १९०० मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ग्रॅलेटर’ म्हणजे लॅटिन भाषेत उंच काठ्यांवर चालणारा; कोळ्याच्या लांब, बारीक पायांना हे नाव साजेसे आहे.

शरीराची लांबी सु. ५ मिमी. व रंग फिकट पिवळा असतो. काहींच्या उदरावर तांबड्या, काळ्या व पांढऱ्या खुणा अशा रीतीने असतात, की त्यांतून हसऱ्या चेहऱ्याचा भास होतो. बहुसंख्य कोळी मात्र साधे पिवळे असतात. एकाच मादीच्या पिल्लांतही निरनिराळ्या आकृत्या दिसू शकतात. मादी अंड्यांच्या कोशाचे रक्षण करते आणि पिल्लांसाठी भक्ष्यही पकडते.

अशा कोळ्याची जाती केवळ रंगावरून ठरविणे धोक्याचे असते. रंगभेदांमुळे एकाच जातीच्या अनेक जाती मानल्या जाण्याचा संभव असतो. शिवाय अल्कोहॉलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचे रंग फिके पडतात. म्हणून पूर्ण वाढ झालेले नर व मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नराच्या तोंडाजवळील पादमृशांची टोके आणि मादीच्या उदराखालील जननरंध्राभोवतीचा कठीण भाग यांची रचना प्रत्येक जातीत सामान्यतः ठराविक असते. पिल्लांत हे अवयव विकसित झालेले नसल्याने त्यांची ओळख पटविणे कठीण जाते.

आकृत्या आनुवंशिक असतात. माउई बेटावर त्या मुख्यतः एकाच जनुकस्थानाच्या अनेक पर्यायी रूपांनी ठरतात. हवाई बेटावर मात्र काही आकृत्या नर व मादी यांत भिन्न दिसतात. म्हणजे बाह्यतः सारखी दिसणारी विविधता प्रत्येक बेटावर सारख्याच रीतीने निर्माण झालेली नाही. त्यामुळे एका बेटावरील कोळी नष्ट झाल्यास दुसऱ्या बेटावरील कोळ्यांनी ती उणीव भरून निघणार नाही. बाहेरून आणलेली डुकरे तसेच सोनटक्क्याच्या वंशातील परदेशी वनस्पती यांमुळे तेथील मूळ वनांची हानी होत असल्याने या जातीच्या अधिवासालाही धोका आहे.