फवारा कां येत नाहीं ?

धाराशिव जिल्ह्यांतील भूम हें आमचें मूळ गांव. खव्याच्या भट्ट्यांमुळें या गांवाचें नांव दूरवर गेलें आहे. पण आमच्या घराण्याचा व खव्याचा संबंध तो खाण्यापुरताच. घर जुनें आहे. वाडा म्हणावा इतकें तें मोठें नाहीं. परंतु मध्यें शहाबादी फरशीचें अंगण आहे आणि एका कोपऱ्यांत आड आहे. मराठवाड्यांतील पुष्कळ घरांप्रमाणें आमच्याकडेही भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात, व ते चार दिवस घर माणसांनीं भरून जातें.

श्रावणांतल्या झिमझिमीनें या फरशीवर शेवाळ धरतें. मागील वर्षीं आमच्या आत्याबाई त्यावरूनच घसरल्या, आणि मांडीचें हाड मोडून तीन महिने अंथरुणास खिळल्या. तेव्हां यंदा सणापूर्वीं अंगण स्वच्छ खरवडून काढावयाचें असा आम्हीं निश्चय केला होता. त्यासाठीं चिरंजीवांनीं पुण्याहून आपलें दाबाच्या पाण्यानें धुण्याचें लहान यंत्र आणलें. मोटारी धुण्याच्या दुकानांत हें ‘प्रेशर वॉशर’ वाचकांनीं पाहिलेंच असेल. जर्मनींत आल्फ्रेड कार्चर यांनीं १९५० मध्यें गरम पाण्याचें असें यंत्र तयार केलें. तें मोठ्या कामाचें धूड होतें. घरांत एका हातानें हालवितां येईल असें त्याचें धाकटें भावंड मागाहून, १९८४ च्या सुमारास आलें.

आमचें यंत्र कोणत्या कारखान्याचें, हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष त्याचा नव्हताच. त्या आठवड्यांत नळास पाणी आलें नव्हतें. म्हणून आडाचें पाणी शेंदून दोनशें लिटरचें पिंप भरलें, त्यांत नळी सोडली आणि बटण दाबलें. मोटार गर्जूं लागली. फवारा मात्र येईना. नोझलच्या तोंडाशीं चार थेंब जमले व ओघळले, इतकेंच. घोडा दाबला, सोडला, पुन्हां दाबला. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें. असें करतां करतां पांच-सहा मिनिटें तरी तें कोरडेंच चाललें असेल. दुकानदारास फोन केला, तेव्हां त्यानें यंत्र न पाहतांच ‘पंप गेला’ असा निकाल दिला. नवा पंप व नवें यंत्र यांच्या किमतींत फारसें अंतर नव्हतें.

आत्याबाई ओसरीवर बसून हें सर्व पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, पण त्याला पाणी पोंचतंय का ?” आम्ही हंसलों. समोर कांठोकांठ भरलेलें पिंप दिसत होतें !

सायंकाळीं शेजारचे भट्टीवाले आले. दुधाचे कॅन व भट्टीची जागा धुण्यास त्यांच्याकडे असेंच यंत्र आहे. त्यांनीं कशालाही हात लावला नाहीं. बंदुकीचा घोडा सोडावयास सांगितला, आणि कान देऊन ते ऐकत राहिले. “काका, मोटार ठणठणीत हाय. तिला पाणीच भेटंना.”

यांतील मर्म असें. अशा बहुतेक घरगुती यंत्रांत घोडा सोडला कीं आंतील दाब वाढतो, व त्या दाबानेंच मोटार आपोआप थांबते. आमची मोटार थांबत नव्हती. म्हणजे दाब तयारच होत नव्हता, म्हणजेच पंपांत पाण्याऐवजीं हवा होती. याउलट मोटार सुरू होऊन लगेच थांबत असेल, तर पाणी आंत पोंचलें आहे पण बाहेर पडावयाची वाट बुजली आहे, असें समजावें. आणि मोटार न फिरतां नुसती घुमत असेल तर विजेचा दाब कमी आहे, किंवा जोडलेली वायर फार लांब व बारीक आहे. तेव्हां बटण तात्काळ बंद करावें, नाहीं तर मोटार जळते.

पंपांत लहान लहान दट्टे असतात. पाणी दबत नाहीं, म्हणून दट्टा पुढें सरला कीं तें पुढें जातें. हवा मात्र दबते आणि फुलते. दट्टा तीच हवा शंभरदां दाबतो, सोडतो, आणि जागेवरून कांहींच हलत नाहीं. आमच्याकडील शेतकरी यासच ‘मोटारीनें हवा धरली’ म्हणतात. (विहिरींतील नळीच्या तळाशीं पाणी परत न जावें म्हणून जी झडप असते, तिला त्यांनीं ‘फुटबॉल’ असें नांव ठेवलें आहे, मूळ शब्द ‘फुटव्हॉल्व्ह’ होय.) यंत्र करणारानें नळाचें पाणी स्वतःच्या जोरानें आंत येईल असें गृहीत धरलेलें असतें. आमची रिकामी नळी पिंपाच्या कांठावरून चढून खालीं उतरत होती. तींतील हवा ओढण्याचें बळ त्या लहानशा पंपांत कोठून असणार?

मग पिंप ओट्यावर चढविलें. नळी पाण्यांत पूर्ण बुडवून भरली व तोंडावर आंगठा ठेवून यंत्रास जोडली. पुढची लांब दांडी काढली, आणि मोटार बंद ठेवूनच घोडा दाबून धरला. प्रथम बुडबुडे आले, मग थुंकल्यासारखें पाणी, मग सलग धार. त्यानंतर मोटार चालू केली. फवारा आला, पण दुबळा. यंत्रांत पाणी शिरतें तेथें आंगठ्याएवढी जाळी असते. ती काढून पाहतां आडांतील बारीक रेतीनें व शेवाळानें भरलेली. ती धुतली.

एवढ्यानें भागलें नाहीं. आतां मोटार दचके देऊन थांबूं लागली. अर्थात् दोष तोंडाशीं. चिरंजीव नोझलच्या भोकांत डोळा घालून पाहूं लागले, तेव्हां भट्टीवाले जवळजवळ ओरडलेच. या धारेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या आसपास असतो. ती कातडी भेदून आंत शिरते; जखम टांचणीएवढी दिसते, पण आंतील मांस नासतें, व वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. म्हणून आधीं बटण बंद करावें, वायर काढावी, घोडा दाबून आंतला दाब सोडावा, व मगच नोझल हातांत घ्यावें. भोकांत क्षाराचा पापुद्रा होता. काळ्या खडकांतील आमचें पाणी जड; चहाच्या भांड्यांत जें साठतें तेंच येथेंही साठतें. नोझल तासभर व्हिनेगरमध्यें ठेवलें, बारीक सुईनें टोंचलें व उलट्या बाजूनें पाण्यानें धुतलें.

दुसरे दिवशीं सकाळीं अंगण धुतलें. हें यंत्र मिनिटास सुमारें सहा लिटर पाणी घेतें, म्हणून दोनशें लिटरांत अर्धा तास काम झालें. साधी नळी इतकें पाणी दहा-बारा मिनिटांत पिऊन टाकते, आणि शेवाळ जागचें हालतही नाहीं. धुतलेलें पाणी कर्दळीकडे वळविलें. कोरडें चालविल्यानें आंतील रबरी चकत्यांस इजा होते. त्या आमच्या पांच-सहा मिनिटांची खूण राहिलीच. यंत्राच्या पोटाखालून पाणी ठिबकतें.

महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशीं सुनांनीं दारापासून फरशीवर हळदीकुंकवाचीं पावलें काढलीं. आत्याबाईंस वांकवत नाहीं. त्या काठी टेकीत, अनवाणी, बरोबरीनें चालत होत्या व पुढचें पाऊल कोठें यावें तें दाखवीत होत्या. आडाशीं आल्यावर त्यांनीं यंत्राकडे पाहिलें आणि खालीं वाटी ठेवावयास सांगितलें.