प्राण्यांच्या मैत्रीकथा आणि पहिले वाचन

स्वरूप

नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलाला कोणाच्या मदतीविना वाचता यावी, अशा बेताने लिहिलेली सचित्र गोष्ट म्हणजे सुलभवाचनाची गोष्ट. पानावर मोठे चित्र आणि एकदोन वाक्ये. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या संग्रहात अशा पुस्तकांचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तरावरची गोष्ट साधारण २५० शब्दांच्या आत संपते. त्यातली मराठी पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात.

पूर्वपरंपरा

पंचतंत्राचे दुसरे तंत्र ‘मित्रसंप्राप्ती’ मैत्रीवरच उभे आहे. मूळ रचना लहान मुलांना झेपणारी नाही. कथेत कथा गुंफलेली, मधूनमधून नीतिश्लोक. सोपी आवृत्ती करताना उपकथा आणि श्लोक गळतात आणि घटनाक्रम उरतो: जाळ्यासकट उडालेली कबुतरे, जाळे कुरतडणारा उंदीर, ते पाहून उंदराशी मैत्री जोडणारा कावळा, पुढे कासव आणि हरीण.

वाचनाशी संबंध

सहकार्याच्या कथेत पात्रे सहसा एकेक करून येतात. नवा प्राणी आला की आधीचेच वाक्य एखादा शब्द बदलून पुन्हा येते. त्यामुळे सराव कथेच्या ओघात होतो आणि मूल कंटाळत नाही. अडलेल्या शब्दाचा अंदाज चित्रावरून बांधता येतो. मराठीत नवशिक्या वाचकाला जोडाक्षर विशेष अडवते. कबूतर, उंदीर, कावळा, कासव, हरीण यांत एकही जोडाक्षर नाही. ‘मैत्री’ आणि ‘सहकार्य’ यांत मात्र आहे. म्हणून पहिल्या पुस्तकांत मैत्री कृतीतून दाखवावी लागते, आणि त्याने कथा सुधारतेच.

शहापूर-मुरबाडमधील उपयोग

ठाणे जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबे राहतात. एकाच वर्गात दोनतीन इयत्ता बसतात अशा जिल्हा परिषद शाळेत स्तरवार पुस्तके फार सोयीची. शिक्षक एका गटाला शिकवत असताना दुसरा गट आपापले वाचतो. परिसरही कथेला भरपूर पुरवतो. भातखाचरात म्हशीमागे फिरणारा गायबगळा तिच्या पायांनी उडालेले किडे टिपतो, हे इथल्या मुलाने पाहिलेले असते. तानसा अभयारण्यालगतच्या मुलाला भेकर हरीण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उलट, पेंग्विनच्या गोष्टीत चित्राचा अर्थही आधी शिकवावा लागतो.

मर्यादा

घरची बोली आणि पुस्तकाची प्रमाण मराठी यांतले अंतर चित्राने पूर्ण भरत नाही. अक्षरे जुळवून वाचलेला शब्द ओळखीचा नसेल, तर उच्चार होतो, अर्थ लागत नाही. अशा वेळी शिक्षकाने गोष्ट आधी बोलीत सांगून मग पुस्तक हाती देणे उपयुक्त. दुसरी अडचण स्थलांतराची. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. परतलेल्या मुलाला इयत्तेचे पाठ्यपुस्तक पुढे निघून गेलेले दिसते. स्तरवार गोष्टींत मात्र त्याला थांबलेल्या जागेच्या एक पायरी खालून सुरुवात करता येते. त्यासाठी पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता हाताशी असावी लागतात.