लिफ्ट उचलून नाही राहिली

सावली तालुक्यात ट्रॅक्टरची परीक्षा नांगरटीत होत नाही, चिखलणीत होते. धानाचे पऱ्हे रोवणीला आले आणि बांध्यांत पाणी साचले की सगळ्यांना एकदमच ट्रॅक्टर हवा असतो. बांधी लहान आणि धुरा जवळ, त्यामुळे रोटावेटर सोडून जरा कुठे चाललो नाही तोच उचलायचा, वळायचे, पुन्हा सोडायचा. कापसाच्या लांब तासांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या लिफ्टला एवढी चढउतार करावी लागत नाही. म्हणून आषाढात मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या मिस्त्र्यांकडे तक्रार येते ती ठरलेली: "लिफ्ट उचलून नाही राहिली."

गाडी बहुधा जुनी, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. माहितीपुस्तक पहिल्याच मालकाकडे राहिलेले. गाडी विकताना इंजिनाबद्दल सगळे सांगितले जाते. सीटच्या उजव्या हाताला जे दोन दांडे असतात, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते बिघडली म्हणून आणलेल्या लिफ्टांपैकी पुष्कळ बिघडलेल्या नसतातच.

मॅसी १०३५ घ्या. मद्रासच्या टॅफेने १९६० पासून मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने जे ट्रॅक्टर बनवले त्यातला हा खेड्यापाड्यांत मुरलेला, घराणे विलायतेतल्या फर्ग्युसन ३५ चे. त्याची लिफ्ट ही हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या मुलाची करामत. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या शेतीखात्यासाठी ट्रॅक्टरांची पाहणी करताना त्याने पाहिले की नांगर मागे साखळीने ओढला जातो आणि दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो चालकावर उलटू शकतो. पुढची वीसेक वर्षे त्याने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव करण्यात घालवली: खाली दोन लिंक, वर एक टॉपलिंक आणि उचलायला तेलाचा दाब. १९३६ मध्ये हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन कारखान्यातून असा ट्रॅक्टर विक्रीला निघाला. त्याच वर्षी सावलीत गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी आले होते. एकीकडे यंत्र शेतकऱ्याच्या आवाक्यात आणायची खटपट, दुसरीकडे यंत्राला किती जवळ येऊ द्यायचे याचा विचार. ही दोन माणसे एका बाजेवर बसली असती तर ऐकायला मजा आली असती.

फर्ग्युसनची खरी हुशारी उचलण्यात नव्हती. जमीन कडक लागली की नांगर टॉपलिंकला पुढे ढकलतो. टॉपलिंकच्या मुळाशी जाड स्प्रिंग असते, ती दबते आणि तिच्या हालचालीने पंपाचा व्हॉल्व्ह उघडून नांगर किंचित वर येतो. त्याच वेळी अवजाराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. जमीन मऊ लागली की नांगर पुन्हा खाली. याला म्हणतात ड्राफ्ट. दुसरा दांडा पोझिशनचा: जिथे ठेवाल तिथे अवजार थांबते, जमीन कशीही असो.

आता हा ड्राफ्ट बांधीत नेला की काय होते? चिखल टॉपलिंकला ढकलतच नाही. यंत्राला वाटते, जमीन मऊ आहे, अजून खाली जाऊ. अवजार खाली खाली जाते, चाके फसतात आणि "लिफ्ट दाबून राहिली, उचलत नाही" म्हणून मिस्त्रीला निरोप जातो. लिफ्ट तिला शिकवले तेच करत असते. चिखलणीला पोझिशनचा दांडा वापरायचा आणि दुसरा त्याच्या ठरलेल्या खुणेवर ठेवायचा, एवढाच तो इलाज. रंग उडालेल्या पट्टीवर ती खूण दिसत नाही, ही वेगळी गोष्ट.

दुसरी चुकामूक पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची. या मॅसीत लिफ्टचा पंप इंजिनाला जोडलेला नसतो. तो मागच्या पेटीत, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल तर पंप मेलेला. तोच दांडा चाकांच्या गतीवर टाकला असेल तर ट्रॅक्टर चालताना लिफ्ट उठते, उभा केला की उठत नाही. क्लच पूर्ण दाबला तरी पंप थांबतो. दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला चालक हमखास इथे गोंधळतो.

हे सगळे जागेवर असूनही उचलत नसेल, तर तेल पाहायचे. गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच तेल. चिखलात पाणी थकलेल्या सीलमधून आत शिरते आणि काडीवर तेल ताकासारखे पांढरट दिसते. असा ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी, सुरू करण्याआधी, खालचा नट हळूच सैल केला की निवळलेले पाणी आधी बाहेर येते. तेल घुसळूनच गेले असेल तर सगळे बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तेल कमी होण्याचे आणखी एक कारण कोणाच्या लक्षात येत नाही: उलटवायची ट्रॉली. तिचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उठतो. आज एकाची ट्रॉली, उद्या दुसऱ्याची; प्रत्येक वेळी नळीतून थोडे तेल जाते, थोडे परके तेल आणि कचरा येतो. फर्ग्युसनच्या पंपात तेल आत घेण्याची वाटच व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो, आणि तो व्हॉल्व्ह बारीकशा कचऱ्याने अडकतो. मग लिफ्ट वर जाऊन बसते, नाही तर खालीच.

रिकामी उठते, पण रोटावेटरसकट उठत नाही. किंवा सकाळी उठते आणि दुपारी तेल तापून पातळ झाले की दमते. इथे दाब कुठेतरी गळतो. पंपाकडून वर सिलिंडरकडे जाणाऱ्या उभ्या नळीच्या रबरी रिंगा या पहिल्या संशयित. जाणते मिस्त्री थोडे तेल काढून पेटीच्या बाजूचे झाकण उघडतात, लिफ्टवर वजन ठेवतात आणि बॅटरीच्या उजेडात पाहतात: नळीच्या तोंडाशी तेलाचा फवारा उडतोय का? उडत असेल तर रिंगा, नसेल तर शंका पिस्टनकडे, रिलीफ व्हॉल्व्हकडे किंवा पंपाकडे. फिरत्या शाफ्टजवळ हात घालायचा नाही आणि गळती बोटाने चाचपायची नाही. दाबातले तेल कातडीत घुसते. उचललेल्या अवजाराखाली, खाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय, कोणीही शिरू नये. चिखलात रोटावेटरची पाती बदलताना हे सर्रास होते.

अवजार वर ठेवून इंजिन बंद केले आणि ते हळूहळू उतरले, तर गळती बहुधा पंपाच्या पुढे आहे. हीच गळती इंजिन चालू असताना वेगळी दिसते. अवजार जरा उतरते, पोझिशन ते पुन्हा उचलते, पुन्हा उतरते. मागे रोटावेटर माना डोलावत राहतो. नवा माणूस ही पंपाची धाप समजून पंप बदलतो. आणि झटके देत चालणारी लिफ्ट? टॉपलिंकच्या स्प्रिंगला हाताने हलवून पाहावे. तिच्यात ढिलेपणा असेल, किंवा टॉपलिंकची पिन झिजली असेल, तर ड्राफ्टला जमिनीचा खरा निरोप मिळतच नाही. पिन आणि थोडा कस, एवढ्यात काम होते.

पस्तीस-एक अश्वशक्तीच्या जुन्या गाडीला नव्या मोठ्या ट्रॅक्टरचा जड रोटावेटर लावतात, त्याला मात्र औषध नाही. तिथे लिफ्टला दोष देऊ नये.

सगळ्यात शेवटी टॉप कव्हर. सीट काढायची, साखळीने कव्हर उचलायचे, पिस्टन-रिंगा पाहायच्या. हे काम वैशाखात, शेत रिकामे असताना करायचे. पण लिफ्टची आठवण होते ती बांधीत. भर रोवणीत घाईने कव्हर बसवताना एक फसगत होते: कव्हरखालून लोंबणारे दोन उभे दांडे पंपाच्या व्हॉल्व्हवरच्या रोलरशी योग्य बाजूला बसले पाहिजेत. ते चुकले तर रिंगा नव्या, तेल नवे, मजुरी दिलेली, आणि दांडा ओढला तरी लिफ्ट हलत नाही. मग बोल्ट पुन्हा उघडायचे, आणि बाजूच्या झाकणातून बोट घालून ते दांडे रोलरला लागलेत का हे चाचपून घेतल्यावरच पुन्हा आवळायचे.