पाहुणे पाणपक्षी आणि कॅमेऱ्याची अहिंसा

दिवाळीची धामधूम सरते, वहीपूजन होऊन नव्या वर्षाचा व्यापार मार्गी लागतो आणि त्याच सुमारास महाराष्ट्राच्या खाड्यांवर व जलाशयांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. लडाख व तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी वीण घालणारे तपकिरी डोक्याचे कुरव मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, चक्रवाक गोदाकाठी विसावतात, तर ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसू लागते. आकाश निरभ्र आणि ऊन सौम्य असते. कॅमेरा घेऊन सहकुटुंब बाहेर पडण्यास याहून चांगला ऋतू नाही.

जैन कुटुंबांना पाणपक्षी परके नाहीत. पाचवे तीर्थंकर श्री सुमतिनाथ भगवंतांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा, म्हणजेच चक्रवाक, मानले जाते. मंदिरात पाहिलेला हा पक्षी नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर प्रत्यक्ष तरंगताना मुलांना दाखवता येतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हे जलाशय २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्यालाही रामसर स्थळाचा दर्जा लाभला.

छायाचित्रणासाठी दुर्मीळ पक्ष्यांचाच ध्यास हवा असे नाही. बगळा, शेकाट्या, पाणकावळा, खंड्या हे नित्याचे पक्षीच उत्तम गुरू ठरतात. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा बिंदू उमटतो व चित्र सजीव होते. काळसर पाण्यावरील पांढरा बगळा भर उन्हात टिपताना पिसांचा तपशील पुसला जातो. कारण कॅमेरा संपूर्ण दृश्याच्या उजेडाचा सरासरी हिशेब करतो. अशा वेळी प्रकाशमान एक तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा सुमारे १/१६०० भाग ठेवणे इष्ट. खाडीवर जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ अवश्य पाहावी. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगतात. भरतीचे पाणी चढू लागले की तेच काठाकडे सरकतात.

मात्र या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदातही हिंसेचा एक सूक्ष्म धागा शिरतो. मुंबईहून एलिफंटा किंवा मांडव्याला जाणाऱ्या बोटींमागे कुरवांचे थवे उडतात आणि प्रवासी त्यांना शेव-गाठिया भरवतात. कोणाला त्यात जीवदया दिसते, कोणाला जवळून छायाचित्र मिळते. परंतु कुरवाचा आहार निसर्गाने ठरविला आहे. मीठ व तेल यांत घोळलेले फरसाण त्यात बसत नाही. पोट भरल्यासारखे होते, पोषण मात्र होत नाही. अन्यत्र कोणी उड्डाणाचे दृश्य मिळावे म्हणून टाळ्या वाजवून किंवा खडा भिरकावून निवांत बसलेला थवा उठवतो.

व्यापारी मनाला यातील हिशेब सहज उमगेल. स्थलांतरी पक्ष्याच्या अंगातील चरबी हे त्याचे भांडवल होय. हिवाळाभर खाऊन, विश्रांती घेऊन तो ते साठवतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच पुंजीवर परतीचा दीर्घ प्रवास करतो. विनाकारण घडविलेले प्रत्येक उड्डाण म्हणजे त्या ठेवीतून त्याच्या संमतीवाचून काढलेली रक्कम. चित्र आपले आणि खर्च पक्ष्याचा, हा व्यवहार सचोटीचा म्हणता येणार नाही.

यावरचा उपाय आपल्याच आचारात आहे. ईर्यासमिती पायाखाली पाहून चालायला शिकवते. पाणथळीच्या काठावर, जिथे गवतात कीटक आणि चिखलात खेकडे असतात, तिचा अर्थ अक्षरशः कळतो. सामायिकात ४८ मिनिटे स्थिर बसण्याचा अभ्यास असलेल्या व्यक्तीला पक्ष्यासमोर तेवढाच वेळ निश्चल राहणे अवघड नाही. फिके कपडे घालून, आवाज न करता, एका जागी बसावे. काही वेळाने शेकाट्या स्वतःच चरत चरत जवळ येतो. त्याने मान उंचावून टक लावली किंवा चरणे थांबविले, तर आपण मर्यादा ओलांडली असे समजून मागे सरावे.

पांजरपोळाला देणगी देणे ही जीवदयाच. पण तिचा आणखी एक प्रकार काहीही न देण्यात, न फेकण्यात आणि न हाकलण्यात आहे. छायाचित्र टिपून झाल्यावरही पक्षी त्याच जागी, त्याच निश्चिंतपणे चरत राहिला, तर ते चित्र निर्दोष समजावे.