परदेशातील संसार आणि कामाचा परवाना

विवाहानंतर परदेशी जाणाऱ्या तरुण जोडप्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, पतिपत्नी दोघांनाही तेथे नोकरी करता येईल काय? याचे उत्तर पदवीपेक्षा व्हिसावर अधिक अवलंबून असते.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. विशेष कौशल्याच्या कामासाठी तेथे जाणाऱ्यास ‘एच-१बी’ व्हिसा मिळतो व त्याच्या जोडीदारास ‘एच-४’. या दुसऱ्या व्हिसावर राहता येते, शिकताही येते. परंतु केवळ त्याच्या आधारे नोकरी करता येत नाही, मग ती व्यक्ती अभियंता असो वा अध्यापिका! २६ मे २०१५ पासून अमलात आलेल्या नियमाने याला अपवाद केला. मालकाने कर्मचाऱ्याच्या कायम वास्तव्यासाठी केलेला अर्ज मंजूर झाल्यास जोडीदारास कामाचा परवाना मागता येतो. तो हाती येईपर्यंत मात्र थांबणे प्राप्त असते. उलट जर्मनीत कुटुंब म्हणून वास्तव्याचा परवाना मिळालेल्या जोडीदारास सामान्यतः कामाचीही मुभा असते.

विद्यार्थिमित्रहो, सक्तीच्या रिकामपणात शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास खचतो. म्हणून प्रस्थानापूर्वीच दोघांनी एकत्र बसून नियम वाचावेत आणि प्रतीक्षेचा काळ तेथील भाषा व नवी विद्या संपादण्यात घालवावा. संसार दोघांचा, तेव्हा विचारही दोघांचा हवा.