तळ लागला कसा?

बायकाल सरोवर १६४२ मीटर खोल, हे आपण पाठ करतो. तो आकडा कसा काढला, हे विचारत नाही. खोली नुसती बघून कळत नाही, आणि ती काढण्याची रीत आकड्यात उतरतेच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं क्रेटर लेक पाहा. सुमारे ७७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा माथा खचून झालेली ही कढई. पाणी सगळं पावसाचं नि बर्फाचं. १८८६ साली भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटनच्या पथकाने कड्यावरून होडी खाली उतरवली आणि पियानोच्या तारेला वजन बांधून तळ चाचपला. जाड दोर इतक्या खोलवर स्वतःच्याच भाराने सुटत राहतो, वजन टेकलेलं हाताला कळत नाही. बारीक तार मात्र टेकताच ढिली पडते. पण तेवढ्यात होडी वाऱ्याने सरकली, तर तार तिरकी होते, आणि तिरकी तार खोली वाढवूनच सांगते. शिवाय होडी कुठे उभी आहे, हे काठावरून टिपायला हवं. तिथल्या ‘वॉचमन’ शिखराचं नाव त्याच पहाऱ्यावरून पडलं. अशी १६८ मापं झाली. सर्वांत खोल भरलं ६०८ मीटर. आजचा मान्य आकडा ५९४.

चौदा मीटरांचा घोळ, असं म्हणून कोणी हसेल. हसण्याआधी, आज तारेऐवजी आवाज तळावर आपटवून खोली काढणाऱ्या ध्वनियंत्राचं गणित बघावं. यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजतं: क्रेटर लेकच्या तळापर्यंत जाऊन यायला आवाजाला सेकंदभरही लागत नाही. त्या वेळेचे मीटर करायला पाण्यातला आवाजाचा वेग लागतो, आणि तो तापमानावर ठरतो. चार अंशांच्या गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १४२१ मीटर, वीस अंशांच्या पाण्यात १४८२. खालच्या थंडगार पाण्याला वरच्या उन्हाळी पाण्याचा वेग लावला, तर खोली २५ मीटरने फुगेल. म्हणजे तारेपेक्षा मोठी चूक, आणि तीही दशांश चिन्हासकट!

मग यंत्र हवंच कशाला? आकारासाठी. २००० सालच्या पाहणीत दीड कोटीहून अधिक मापं मिळाली; तळाचा चढउतार उलगडला. मात्र पाण्याखाली ज्वालामुखीचे शंकू असावेत, हे डटनने त्या १६८ मापांवरूनच ताडलं होतं. तुटपुंज्या मापांतून आकार ओळखायला डोकं लागतं. कोट्यवधी मापांच्या ढिगात ते कमी वापरलं तरी चालून जातं, एवढाच काय तो फरक. आणि आजही अशा पाहणीत आवाजाचा वेग ठरवायला एक उपकरण पाण्यात सोडावं लागतं. वरून खाली, तारेनेच.